गाडीच्या मागच्या काचेखालची माती

सत्तावीस वर्षं मी किडे मोजतोय. केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, मातीत राहणारे. ते झाडाच्या कोवळ्या मुळात शिरतात, तिथेच संसार थाटतात आणि मुळाला गाठी येतात. गाठाळलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. वर झाड भर दुपारी मान टाकतं आणि मालक पाण्याच्या मोटरला शिव्या देत बसतो. पुस्तकात त्यांना सूत्रकृमी म्हणतात, शेतकरी निमॅटोड म्हणतात आणि माझी बायको नुसतं "तुमचे ते" म्हणते. जेवताना त्यांचा विषय काढायला घरात बंदी आहे.

माझी खोली माती तपासणी प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, अगदी मागे. दोन मोठी सिंक, चाळण्यांची चळत, एक मायक्रोस्कोप आणि माझ्या बसण्याचा आकार आलेली एक खुर्ची. खिडकी आहे, पण तिच्याबाहेर सांडपाण्याचा पाइप आहे. डाव्या हातात मोजणीचं छोटं यंत्र असतं, किडा दिसला की एकदा टक्. घरी गेल्यावरही अंगठा आपला हलतच राहतो. फिरायला गेल्यावर कधी बायकोचा हात धरला तर ती म्हणते, "किती झाले?"

इतकं ज्ञान असून मी आयुष्यात एक झाड वाढवलेलं नाही. वाढदिवसाला ऑफिसातल्यांनी निवडुंग दिलं होतं. पाणी लागत नाही म्हणून मुद्दाम तेच दिलं. मी त्याला पाणी घालून घालून मारलं. पण लोकांना हे कुठे माहीत असतं! दूरदूरचे शेतकरी पिशव्या घेऊन येतात, मला साहेब म्हणतात, आणि मी चष्मा कपाळावर सरकवून दोन क्षण छताकडे बघतो. छतावर काही नसतं. पण बघितलं की वजन पडतं.

आमच्या कामाची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. माती धुऊन, चाळून आम्ही ती टिश्यू पेपरवर पसरतो आणि तो कागद पाण्याच्या बशीत टेकवून दोन दिवस ठेवून देतो. जे किडे जिवंत असतात ते वळवळत कागदातून खाली उतरतात आणि पाण्यात येतात. ते आम्ही मोजतो. मेलेले मातीतच राहतात, त्यांची मोजदाद होत नाही. म्हणजे माती आणताना ती तापली, किडे मेले, की मोजणी शून्य. शेत किड्यांनी बुजबुजलेलं असलं तरी कागदावर शून्य! म्हणून मी काउंटरवर लाल रंगात पाटी लावली आहे: 'मातीची पिशवी उन्हात ठेवू नये.' 'नये'खाली तीन रेघा. तिसरी रेघ मी एका शेतकऱ्याशी भांडण झाल्यावर ओढली.

तो शेतकरी म्हणजे एक म्हातारे काका. वांगी लावणारे. स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवून भर उन्हात चाळीस किलोमीटर आले होते. मी पिशवीला हात लावला, ती गरम लागली, आणि माझा पारा चढला.

"काका, ही माती आहे की शेकोटी?"

"साहेब, लांबून आलोय. बघा की आता."

"काय बघू? मेलेल्यांची नाडी? परत जा आणि नीट आणा. सावलीत, ओल्या फडक्यात."

ते गेले. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात पिशवी घेऊन परत आले. मी घरी येऊन बायकोला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने विचारलं, "ऐंशी किलोमीटर जास्त फिरवलंत म्हाताऱ्या माणसाला?" मी म्हटलं, शास्त्रात वय बघत नाहीत.

आता ताई. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मला अजून छोट्या म्हणते, मी बावन्न वर्षांचा आहे आणि डोक्यावर केस नाहीत तरी. सव्वीस वर्षं तिने बसस्थानकावर तिकीट खिडकीत काढली. भाऊजी शेवटची तीन वर्षं अंथरुणाला होते, त्यांचं सगळं तिनेच केलं, तेही नोकरी सांभाळून. ते गेल्यावर वर्षभरात तिने नोकरी सोडली आणि गावाबाहेर एक पॉलीहाऊस भाड्याने घेतलं. आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, "माणसांना तिकिटं देऊन झाली. आता ज्यांना कुठे जायचं नसतं त्यांच्याबरोबर राहते."

आधीच्या माणसाने तिथे काकडी लावली होती आणि ती काही धड आली नव्हती. ताईला रोपं देणारी एक बाई होती. नर्सरी तिची स्वतःची, सगळे तिला रोपवाली म्हणत. तिने ताईला सांगितलं, "एक हंगाम काही लावू नका. नुसता झेंडू पेरा, फुलला की मातीत गाडा. माती सुधारते, मुळातले किडे कमी होतात." हे बरोबर आहे. झेंडूच्या मुळांचं आणि या किड्यांचं जमत नाही, मी स्वतः त्यावर भाषण दिलेलं आहे. ऐकायला सहा जण होते, त्यातले दोघे चहावाले.

ताईने मला फोन केला. "छोट्या, तू एवढी वर्षं हेच करतोस ना? मग तूच सांग, झेंडू पेरू की टोमॅटो लावू?"

माझी छाती जी फुगली! सत्तावीस वर्षांत घरच्या माणसाने मला माझ्या कामातलं पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, "असं फोनवर सांगत नसतात. मी येतो. नमुना घेतो. मोजतो. मग बोलू."

आणि मी गेलो. नमुना असा घेतला की कुणी फोटो काढून पुस्तकात छापावा. नागमोडी चालत दहा जागा, प्रत्येक जागी वीतभर खोल, जुन्या काकडीच्या मुळांजवळून. ताई मागे मागे बादली घेऊन. मी प्रत्येक जागेचं कारण तिला समजावून सांगितलं. सगळी माती एकत्र केली, अर्धा किलो पिशवीत भरली, गाठ मारली, नाव लिहिलं. मग पिशवी गाडीत मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवली आणि ताईकडे जेवायला गेलो.

जेवण अंगावर आलं. ताई म्हणाली, "जरा पड." मी पडलो. चार तास. बाहेर उन्हाळा, गाडी अंगणात, सावली नावाला नाही.

दुसऱ्या दिवशी माती धुतली, टिश्यूवर पसरली, दोन दिवसांनी पाणी मायक्रोस्कोपखाली घेतलं. गाठी करणारे किडे: शून्य. मुळं खाणारे इतर किडे: शून्य. निरुपद्रवी किडे: शून्य. हा तिसरा रकाना बघून माझ्या जागी कुणीही शिकाऊ पोरगी ओरडली असती. कारण जिवंत मातीत निरुपद्रवी किडे असतातच, शेकड्याने असतात. कुजलेला पाला खातात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिसरा रकाना शून्य आला तर त्याचा अर्थ एकच, नमुना मेलेला आहे. हे मीच नव्या लोकांना शिकवतो. दुसऱ्या कुणाची पिशवी असती तर मी ती हातात घेऊन काउंटरवर गेलो असतो आणि त्या माणसाची हजेरी घेतली असती.

पण पिशवी ताईची होती आणि मी तीन शून्यांकडे बघून म्हटलं, वा! काय माती आहे!

मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, रजेवर होत्या. त्या असत्या तर एका नजरेत पकडलं असतं. सही करायचा अधिकार माझ्याकडे होता. मी अहवाल छापला, शिक्का मारला, खाली पेनाने लिहिलं, 'माती उत्तम. विश्रांतीची गरज नाही. टोमॅटो लावावेत.' ताईला फोन केला तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं, आनंदाने.

"म्हणजे झेंडू नको?"

"कशाला वेळ घालवतेस? तुझी माती आरशासारखी आहे."

"बरं," ती म्हणाली.

तिने रोपवालीकडून तीनशे चाळीस रोपं घेतली. माझा अहवाल प्लास्टिकच्या कव्हरात घालून पॉलीहाऊसच्या दारावर लावला. मी दर रविवारी बघायला जायचो. रोपांपेक्षा अहवालाकडेच जास्त वेळ बघायचो, हे आता कबूल करतो.

दोन महिन्यांनी झाडं दुपारची मान टाकायला लागली. ताईने फोन केला, मी सांगितलं पाणी वाढव. आठ दिवसांनी पुन्हा फोन, मी सांगितलं पाणी कमी कर. मग मॅग्नेशियम सांगितलं. मग सांगितलं, हवा बदलली आहे. मी किड्यांचा माणूस, पण किडे सोडून जगातलं सगळं मला सुचत होतं. शेवटी ताईने एक झाड उपटलं, मुळं धुतली आणि बसमधून ते झाड मांडीवर घेऊन माझ्या घरी आली.

तिने ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं. मुळांना इथून तिथून गाठी. जणू आल्याचे तुकडे कुणी दोऱ्यात ओवले होते. बायको ओट्यापासून वळली आणि म्हणाली, "हे तुमचे ते."

"हो," ताई म्हणाली. "आणि माझी माती तर साफ होती. छोट्यानेच मोजली. म्हणजे हे रोपांबरोबर आले. त्या बाईने मला किडकी रोपं विकली." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी तिकीट खिडकीतला होता. "मी आमच्या शेतकरी गटाला सांगितलंय. शनिवारी बैठक आहे. अठराच्या अठरा जण तिच्याकडून रोपं घेणं बंद करणार. तुझा अहवाल मी तिथे वाचून दाखवणार आहे."

तिचं गणित बिनचूक होतं. माती साफ, तर किडे रोपातून. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हं." माझाही त्यावर विश्वास बसला होता. अहवालावर माझी सही होती ना!

"तू तिच्या नर्सरीतला नमुना आण," ताई म्हणाली. "म्हणजे बैठकीत कुणाला बोलायला जागा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नर्सरीत पोहोचलो. चेहऱ्यावर छापा टाकायला आलेल्या माणसाचा भाव होता. फाटकाशीच रोपवालीने अडवलं. पन्नाशीची, बारीक, हातात लांब रबरी मोजे.

"साहेब, बूट त्या पाण्यात बुडवा आधी. औषधाचं पाणी आहे. तुम्ही दहा शेतांतून फिरता."

मी बूट बुडवले. आत शेडखाली ट्रेच्या रांगा लावलेल्या. जुने ट्रे ती उकळत्या पाण्यातून काढत होती. तिने मी न सांगता एकेक करून पंधरा-वीस रोपं ट्रेमधून उपसली आणि मला मुळं दाखवली. पांढरी शुभ्र, केसांसारखी, एक गाठ नाही. मी म्हटलं, नुसत्या डोळ्यांनी दिसत नसतं, मोजावं लागतं. आणि चष्मा कपाळावर सरकवला. वर हिरवी जाळी होती.

"मोजा की," ती म्हणाली. "तुम्ही मोजलेलं मला मान्य आहे. माझं घर या ट्रेंवर चालतं, साहेब. अठरा जणांनी रोपं बंद केली तर मला फाटक बंद करावं लागेल. तरीपण तुम्ही म्हणालात की किडे माझे, तर माझे."

मग तिने स्वतःच्या हाताने ट्रेमधला नमुना पिशवीत भरला, पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या गाडीत सीटच्या खाली सरकवला. वर म्हणाली, "मागे काचेखाली ठेवू नका हां. तिथे फार तापतं. बारा वर्षं तुमची पाटी वाचतेय मी. एकदा तुम्ही एका काकांना परत पाठवलंत, तेव्हा मी रांगेत मागेच होते. तेव्हापासून घाबरून असते."

मी गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं. त्या फळीवर अजून थोडी माती सांडलेली होती.

उन्हात माती तापवून किडे मारणं ही मान्य पद्धत आहे. शेतकरी जमिनीवर प्लास्टिक अंथरून महिना-दीड महिना हेच करतात. मी ती अर्धा किलो मातीवर चार तासांत, झोपेत, यशस्वी करून दाखवली होती. उरलेलं सगळं पॉलीहाऊस तसंच होतं.

मी सरळ ताईच्या पॉलीहाऊसवर गेलो. ती बाजारात गेली होती. चोरासारखा आत शिरून मी दहा जागांची माती घेतली आणि ती सीटखालच्या डब्यात, बर्फावर ठेवली. दोन दिवसांनी दोन्ही नमुने मोजले. रोपवालीच्या नमुन्यात त्रास देणारा एकही किडा नव्हता, निरुपद्रवी मात्र भरपूर वळवळत होते. ताईच्या दोनशे ग्रॅम मातीत चारशे सव्वीस गाठीवाले. मी तीनदा मोजले. तिन्ही वेळा यंत्र थांबायचं नाव घेईना. मग जुनं रजिस्टर काढून ते तीन शून्य बघितले. माझं अक्षर फार सुंदर आहे.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे उद्या ताईंना सांगणार, आणि परवा बैठकीत सगळ्यांना. बरोबर?" मी तिच्यापुढे दुसरे चार पर्याय ठेवणार होतो. सिंचनाच्या पाण्यातून आले असतील, शेजारच्या शेतातून आले असतील. तिच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळले.

शुक्रवारी संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ती सुतळीने झाडं वर बांधत होती, कोमेजलेलीसुद्धा, एकेक करून, माणसाची मान उशीवर नीट ठेवावी तशी. मी अर्धा तास तिच्या मागे उभा होतो. शेवटी म्हणालो, "पाणी जरा कमी कर." आणि निघून आलो. मी भित्रा आहे हे मला माहीत होतं. इतका आहे, हे त्या दिवशी कळलं.

त्यामुळे ताईला ते सगळ्यांदेखत कळलं.

बैठक गटाच्या गोदामात होती. खोक्यांच्या थप्प्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. रोपवाली दाराजवळच्या खुर्चीवर टेकली होती, अंग चोरून. ताईने माझा अहवाल मोठ्याने वाचला. "माती उत्तम. विश्रांतीची गरज नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि हा नर्सरीचाही नमुना मोजून आलाय. सांग छोट्या."

मी रात्री जागून निवेदन लिहिलं होतं. उभा राहून वाचलं: "सदर नमुन्याच्या हाताळणीदरम्यान तापमानविषयक त्रुटी उद्भवली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

कुणाला काही कळलं नाही. मला तेच हवं होतं. पण पुढच्या रांगेतून एक आवाज आला. वांगीवाले काका! ते या गटात आहेत हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"म्हणजे काय झालं, साहेब?"

"नर्सरी साफ आहे. ताईंच्या पहिल्या नमुन्यात गडबड झाली. माती तापली."

"कशी तापली?"

"गाडीत राहिली."

"कुणाच्या गाडीत?"

"माझ्या."

"उन्हात?"

"उन्हात. चार तास. मी जेवून झोपलो होतो. किडे मेले आणि मी शून्य लिहिलं. किडे मातीतच होते. या बाईंची रोपं चांगली होती, ती मी सांगितलं म्हणून किडक्या मातीत लावली गेली."

काका माझ्याकडे न बघता, खोक्यांकडे बघत म्हणाले, "मला तर चाळीस किलोमीटर परत पाठवलं होतं." गोदाम हसलं. खुर्च्या कुरकुरेपर्यंत हसलं. मीही हसल्यासारखं केलं, कारण चेहऱ्याचं दुसरं काय करावं कळेना. रोपवाली हसली नाही. ती ओंजळीत तोंड धरून रडत होती. आणि ताई हसली नाही. तिने अहवालाची नीट चार घडी केली, रोपवालीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. माझी चूक झाली." मग माझ्यासमोरून, माझ्याकडे न बघता निघून गेली.

तीन आठवडे तिने फोन उचलला नाही. चौथ्या आठवड्यात एका ओळीचा निरोप आला, 'झाडं उपटायची आहेत. यायचं तर ये.' मी गेलो. रोगट मुळं मातीत ठेवून चालत नाहीत, एकूण एक काढून जाळावी लागतात. तीनशे चाळीस झाडं. मुळांसकट झाड कसं काढायचं यावर मी तासभर बोलू शकतो, पण दहाव्या झाडाला माझी कंबर धरली. ताई पुढे निघून गेली.

दुपारी पोत्यांच्या ढिगाला टेकून ती बसली. मीही जरा लांब बसलो.

"तीन शून्य आले तेव्हा तुला कळलं नाही?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाचे असते तर?"

"कळलं असतं."

"मग माझे का नाही कळले?"

खोटं बोलायला काही सुचलं नाही. "तुझी माती चांगली निघावी असं वाटत होतं. आणि ती मीच चांगली ठरवावी, असंही."

ती मोजे काढून बोटांमधली माती खरवडत बसली. मग म्हणाली, "शुक्रवारी सांगायचं होतंस. मी तुझ्यासमोर झाडं बांधत होते. आणि आणखी एक सांगते. मला झेंडूच पेरायचा होता, छोट्या. तुला विचारलं ते तू हो म्हणशील म्हणून. सव्वीस वर्षं खिडकी, मग यांचं आजारपण. मला एक हंगाम नुसतं फुलांकडे बघत बसायचं होतं. तू साफ म्हणालास आणि मला बसायला कारणच उरलं नाही. माती साफ असताना रिकामी बसले तर लोक काय म्हणतील?"

मी सत्तावीस वर्षं मुळापाशी काय चाललंय ते बघून पोट भरतो. ताई त्या फोनवर गप्प का झाली, हे मी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वाटू दे. ती पलीकडची ओळ राहिलीय."

झेंडू पेरला गेला. ताई खुर्ची टाकून बसली की नाही मला माहीत नाही, मला त्या हंगामात बोलावणं नव्हतं. मात्र गटाने ताईच्या सांगण्यावरून एक नवा नियम केला. यापुढे प्रयोगशाळेत जाणाऱ्या पिशव्यांवर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. कोणता आकडा कुणाचा, ती यादी रोपवालीकडे राहणार. नियम माझ्याविरुद्धच आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी दोन दिवस फुगून बसलो. मॅडमना तो इतका आवडला की त्यांनी तो सगळ्या प्रयोगशाळेला लावला आणि वरिष्ठांकडून शाबासकी मिळवली. ही कल्पना कशी सुचली असं त्यांना कुणी विचारलं की त्या माझ्याकडे बोट दाखवतात.

हंगाम संपला आणि गटाच्या अठरा पिशव्या एकदम आल्या. अठराही ओल्या फडक्यात, थंडगार. काकांनी स्वतः आणून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "हात लावून बघा, साहेब." मी लावून बघितला.

यात ताईची कोणती, मला माहीत नव्हतं. मातीच्या रंगावरून ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एरवी दिवसाला सहा नमुने सहज होतात. या वेळी दोनच्या वर जाईनात. पहिलीत नऊ निघाले, दुसरीत एकही नाही, पण तिसरा रकाना गच्च भरलेला. पाचवीत सतरा.

अकराव्या पिशवीत तीनशे बारा निघाले. ती ताईची नसावी असं मला फार फार वाटलं. मी पुन्हा मोजले, आणि रजिस्टरमध्ये अकरा नंबरपुढे तीनशे बारा लिहिलं.